नकाशा कुणी केला

आपल्याकडे शिफारशीची रीत सोपी आहे. ज्याला हवी त्यानेच लिहायची, साहेबाने डोळे मिटून सही ठोकायची. परदेशातल्या त्या संस्थेला ही रीत कुणी कळवली नव्हती, एवढाच काय तो घोळ.

तेजस्वी घाणेकर रत्नागिरीतल्या एका छोट्या मदतसंस्थेत पाच वर्षं राबत होती. पूर-वादळ झालं की जगभर धावणाऱ्या एका बलाढ्य परदेशी संस्थेत जागा निघाली. सबंध आशियात एक. तिने अर्ज भरला, परीक्षा दिली, शेवटच्या दहांत आली. उरला होता साहेबांचा अभिप्राय. परचुरे सरांच्या मेलवर तसा फॉर्म आला होता, मुदत आज पाचपर्यंत.

"तूच भर गो," सर म्हणाले. "मला ते इंग्रजी वाचून गरगरतं."

ती सरांच्या खुर्चीत बसली. पहिलाच प्रश्न: या उमेदवाराने स्वतः केलेलं, दुसऱ्या कुणीही न केलेलं एक काम सांगा.

काम होतं की! चिपळूणचा पूर ओसरल्यावर ती टेप घेऊन घरोघर फिरली होती. भिंतीवरची चिखलाची रेघ मोजायची, घरातल्या बाईला विचारायचं, पाणी किती वाजता आत शिरलं. नऊशे बारा घरं. पायाला चिखल्या झाल्या. त्यावरून तिने पाणी कुठे किती चढलं याचा नकाशा केला. अहवालावर नाव लागलं सरांचं, मुंबईत शालही सरांच्याच खांद्यावर पडली. आयत्या पिठावर रेघोट्या, दुसरं काय!

आता सरांच्याच तोंडून लिहायचं की नकाशा तेजस्वीने केला? मग सर खोटे ठरतात. सरांनी केला म्हणावं, तर तिच्या हाती धुपाटणं.

"सर, चिपळूणच्या नकाशाचं काय लिहू?"

"लिही की, माझ्या मार्गदर्शनाखाली."

"तुम्ही आला होतात चिपळूणला?"

"म्हणजे? धान्यवाटपाच्या फोटोत कोण आहे मग?" सर उखडले. लगेच काहीतरी आठवून म्हणाले, "आणि हो, हर्षदनेपण अर्ज टाकलाय. त्याचाही फॉर्म आलाय बघ. त्यातही नकाशा घाल. छान दिसतो."

हर्षद ऑफिसची बिलं बघायचा. पुराच्या त्या पंधरवड्यात तो मामाकडे देवरुखला होता.

"सर, नकाशा एक. करणारे किती झाले?"

"अगो, त्यांना तिकडे बसून काय कळतंय!"

तिचं डोकं चालेना. दोन्ही फॉर्मांत एकच नकाशा गेला तर दोघंही केराच्या टोपलीत. आपला फॉर्म रिकामा सोडला तर ती एकटीच टोपलीत. खरं लिहून गुपचूप पाठवावं? सर थोडेच वाचणार होते! पण मग ती शिफारस कुणाची? आपलीच पाठ आपणच थोपटायची आणि खाली नाव सरांचं? आजवर सरांच्या नावाने शंभर पत्रं लिहिली, तेव्हा हा काटा कधी टोचला नव्हता. आजच का टोचतोय, तेही तिला कळेना.

पाचाला वीस मिनिटं होती. तिने चार ओळी लिहिल्या. कोण फिरलं, किती घरं मोजली, नकाशा कुणी काढला, अहवालावर नाव कुणाचं लागलं. जसं घडलं तसं. हर्षदच्या फॉर्मला हातही लावला नाही. मग खुर्ची सोडून उठली.

"बसा सर. वाचा, आणि तुम्हीच पाठवा."

"मी? कशाला?"

"विचारलंय तुम्हाला."

सरांनी चष्मा लावला. ओठ हलवत, शाळेतल्या पोरासारखे वाचत गेले. चौथ्या ओळीवर अडले. पुन्हा पहिलीपासून वाचलं. तेजस्वीला वाटलं, आता पुसतील.

सरांनी चष्मा काढला. "तू गेलीस तर पुढचे अहवाल लिहायचे कोणी?"

ही शाबासकी की नकार, तिला उमगेना. पाच वर्षांत सरांनी तिच्या कामाबद्दल काढलेला हा पहिला शब्द.

"ते नंतर बघू सर," ती म्हणाली. "आधी ते बटण दाबा."