पाठमोरी बुर्गी

मी एक जुनी दुर्बीण आहे. पितळेची नळी, तीन लाकडी पाय आणि पुढच्या भिंगावर नखाएवढा ओरखडा. टिरोलमधल्या एका उंच दरीत सेवेरिन आणि बुर्गी या नवराबायकोची खानावळ होती. तिच्या सज्ज्यावर मी तीसहून अधिक वर्षं उभी होते, समोरच्या रोटनॉक शिखराकडे डोळा लावून. लोक म्हणतात, दुर्बिणीला काय, सगळं दिसतं. दिसतं हो, पण जाता येत नाही ना कुठं! मित्रांनो, ते दुःख काय असतं हे त्या घरात दोघींनाच ठाऊक होतं, एक मी आणि दुसरी बुर्गी.

माझा जन्म व्हिएन्नातला. एका म्हाताऱ्या कारागिरानं माझं भिंग तीन आठवडे घासलं, आणि शेवटी रस्त्यापलीकडच्या चर्चचं घड्याळ माझ्यातून पाहून तो बायकोला म्हणाला, "अगं, काट्यावर माशी बसलीय बघ!" एवढं कौतुक पुढं माझं कुणी केलं नाही. मग चार वर्षं मी दुकानाच्या काचेमागं होते आणि समोर होती भिंत. दुर्बिणीला भिंतीसमोर उभी करणारा तो दुकानदार काय अकलेचा असेल, तुम्हीच सांगा.

तिथून मला सेवेरिननं सोडवलं. तो डोंगरातला वाटाड्या होता. शहरातल्या माणसांना दोर बांधून रोटनॉकवर न्यायचं आणि धडधाकट परत आणायचं, हा त्याचा उन्हाळ्याचा धंदा. लग्नाला तेव्हा पाच वर्षं झाली होती. मला पाठीवर बांधून तो घरी आला, सज्ज्यावर उभी केली आणि त्यानं हाक मारली, "बुर्गी, अगं ये लवकर! तुला वर जायला होत नाही ना? मग डोंगरच खाली आणलाय बघ!"

बुर्गी पिठाच्या हातांनीच बाहेर आली. तिनं माझ्या काचेला डोळा लावला आणि ओरडलीच, "अगंबाई, शिखरावरचा क्रूस दिसतोय! बाजूला कुणीतरी बसलंय, पाव खातंय!" बराच वेळ ती हलली नाही. मग तिनं विचारलं, "तिथून पलीकडं काय दिसतं रे?"

"काही नाही गं. दगड आणि वारा. उगीच दम लागतो," सेवेरिन म्हणाला.

आता तुम्ही म्हणाल, डोंगर दारात, पाय धडधाकट, मग बाई जात का नव्हती? मित्रांनो, रोटनॉकची वाट उघडते जूनअखेर आणि सप्टेंबरात बर्फानं बंद होते. नेमके तेच दिवस खानावळीचे. आभाळ निरभ्र असलं की पाहुण्यांची झुंबड, आणि पाहुणे नसले की समजायचं, आज पाऊस आहे. सोमवारी खानावळ बंद असायची खरी, पण सोमवारी चादरी धुवायच्या असत आणि आठवड्याचा पाव भाजायचा असे. वर जाणाऱ्या प्रत्येकाला बुर्गीनं जेवू घातलं, आणि तिला मात्र कधी जायला मिळालं नाही.

सुरुवातीची वर्षं ती भांडी घासून झाली की रोज माझ्यापाशी यायची. मावळतीच्या उन्हात शिखर लाल व्हायचं ते बघायची. परतलेल्या लोकांना खोदून खोदून विचारायची, दुसऱ्या डोणीला, म्हणजे वाटेवरच्या गुरांच्या कुंडाला, पाणी होतं का, डोंगराच्या धारेवर वारा कसा होता. होता होता तिला ती सगळी वाट तोंडपाठ झाली. पाहुणे सेवेरिनला न विचारता तिलाच विचारायला लागले. "दुसऱ्या डोणीपाशी पाणी भरून घ्या, पुढं थेंब नाही. फुटक्या कातळाला डावीकडून वळसा घाला. दुपारी दोनच्या आत धार सोडा, ढग येतात," असं ती सूप वाढता वाढता सांगायची.

मग हळूहळू तिचं माझ्याकडं येणं कमी झालं. शेजारची वेफा एकदा म्हणाली, "काय गं, हल्ली दुर्बिणीला डोळा लावत नाहीस?" बुर्गी म्हणाली, "उपाशी माणसाला भरल्या ताटाचं नुसतं दर्शन कशाला, वेफा?" हे मी ऐकलं आणि मला फार वाईट वाटलं. मी भेट म्हणून आले होते, आणि त्या घरात माझं नेमकं काम काय ते मला तेव्हा समजलं. तिच्या पायांच्या बदल्यात मला आणलं होतं. त्यानंतर पाहुण्यांची पोरं माझ्यावर मधाची बोटं पुसायची, पाहुणे टोप्या अडकवायचे, आणि बुर्गी दर शनिवारी ओल्या फडक्यानं मला पुसून काढायची, माझ्यातून एकदाही न बघता.

सत्त्याऐंशीच्या ऑगस्टमधली गोष्ट. शनिवारी संध्याकाळी लिन्झचा एक जाडजूड कारकून शिखरावरून परत आला आणि भरल्या सज्ज्यावर म्हणाला, "बाई, कमाल आहे तुमची! वळण न वळण तुम्ही सांगितलंत तसं निघालं. तुम्ही शेवटच्या कधी गेला होता?"

बुर्गीच्या हातात चार ताटल्या होत्या. "मी? मी कधीच गेले नाही," ती म्हणाली.

सगळा सज्जा हसला. त्यात कुणाचं पाप नव्हतं, त्यांना ती गंमतच वाटली. सगळ्यांत मोठ्यानं हसला सेवेरिन. "अहो, ही गेली असती तर तुम्ही सगळे उपाशी चढला असता!" तो म्हणाला. बुर्गीही थोडी हसली आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता ती सज्ज्यावर आली. अंगात निळा झगा, पायात सासूचे जुने बूट होते, पाठीवर पिशवी होती. तिनं एप्रन सोडला आणि दुसरीकडं कुठं ठेवायला जागा दिसेना, म्हणून माझ्यावर टाकला. झालं, माझा डोळा झाकला! दाढीचा फेस तोंडावर तसाच ठेवून सेवेरिन बाहेर आला असणार, कारण त्याचे शब्द बुडबुड्यांतून येत होते.

"कुठं निघालीस?"

"वर."

"वर म्हणजे? गवळ्याकडं? लोणी तर कालच आलंय."

"रोटनॉकवर."

तो हसायला लागला आणि मध्येच थांबला. "आज? अगं, आज रविवार! चर्च सुटलं की चाळीस माणसं येतील जेवायला!"

"पावाचे गोळे वळून ठेवलेत. रस्सा तयार आहे. चर्च सुटलं की गोळे त्यात सोडायचे. उकळी बारीक ठेव, नाहीतर फुटतील."

"उद्या सोमवार आहे. उद्या जा ना."

"उद्या चादरी आहेत. परवा दुसरं काही असेल."

"मग थांब, मी येतो बरोबर."

"त्या गुडघ्यानं?" बुर्गी म्हणाली. दोन वर्षांपूर्वी दोर ओढताना सेवेरिनचा गुडघा कायमचा गेला होता. जिना उतरतानासुद्धा तो कठड्याला धरायचा. "आणि मग गोळे कोण सोडणार, पाद्रीबुवा?"

"एकटी कुठं पडलीस-बिडलीस तर?"

"वाट पाठ आहे मला. तू गोळ्यांकडं बघ."

तिच्या बुटांचा आवाज अंगणातून लांब गेला. मी एप्रनखाली अंधारात! इतक्या वर्षांत बघण्यासारखं काही घडत होतं, आणि मलाच दिसत नव्हतं.

नऊ वाजता वेफा आली. तिच्या जिभेला हाड नव्हतं. माझ्यावरचा एप्रन ओढून तिनं सेवेरिनच्या कमरेला बांधला आणि म्हणाली, "बुर्गी डोंगरावर आणि तू चुलीपुढं! आज सूर्य पश्चिमेला उगवला म्हणायचा."

"थट्टा पुरे. बघू दे आधी," सेवेरिननं मला डोळा लावला. झाडीच्या वर, कुरणाच्या कडेला, निळा ठिपका हलत होता. "दुसऱ्या डोणीपाशी आहे. पाणी भरतेय. शाबास!"

अकरा वाजता ती फुटक्या कातळापाशी होती. साडेअकराला चर्चची माणसं आली, तेव्हा ती घसरणीवर पोहोचली होती. दोन पावलं वर जायची आणि एक पाऊल खाली घसरायची. तिथं ती तीनदा बसली. सेवेरिन ताटल्या घेऊन यायचा, लोकांपुढं आदळायचा आणि माझ्याकडं धावायचा. लिन्झचा कारकून म्हणाला, "अहो, माझा गोळा फुटलाय." वेफा म्हणाली, "साहेब, इथं माणसाचं काळीज फुटायची वेळ आलीय, तुम्ही रस्सा प्या मुकाट्यानं."

बारा वाजले, साडेबारा वाजले. ती धारेला लागली होती, पण फार हळू. सेवेरिन पुटपुटत होता, "उशीर झालाय. परत फीर गं, राणी. पुढच्या वर्षी जा." मी मात्र मनात ओरडत होते, फिरू नकोस! एकदा फिरली असती तर बुर्गी पुन्हा कधीच गेली नसती. चाळीस माणसांसमोर ती रिकाम्या हातानं अंगणात आली असती, एप्रन बांधला असता, आणि विषय संपला असता.

आणि एक वाजता ढग आला.

शिखर गेलं, धार गेली, सगळं पांढरं झालं. सेवेरिननं माझी काच एप्रननं पुसली. पुन्हा पुसली. "ही मेली दुर्बीणच खराब झालीय!" तो ओरडला. मी काय बोलणार? मंडळी सज्ज्याच्या कठड्याशी येऊन उभी राहिली होती. आमच्या दरीत रीत अशी, की वर पोहोचलेल्यानं दरीकडं तोंड करून पांढरं फडकं हलवायचं आणि खानावळीनं जेवणाची घंटा वाजवायची. सेवेरिन एका हातात घंटेची दोरी धरून, दुसऱ्या हातानं मला घट्ट पकडून उभा होता.

अर्ध्या तासानं ढग वर उचलला. क्रूसापाशी निळा ठिपका होता.

"पोहोचली!" सेवेरिननं घंटा अशी वाजवली की भिंतीवरचा चुना पडला. लोक टाळ्या वाजवायला लागले. तो घंटा वाजवत राहिला, पण बुर्गी वळली नाही. तिची पाठ आमच्याकडं होती. ती पलीकडं बघत होती, हात खाली सोडून. पंधरा मिनिटं गेली. "वळ ना गं! दोन वाजायला आले, ढग पुन्हा येईल!" सेवेरिन रडवेला झाला.

वेफानं विचारलं, "असं आहे तरी काय तिकडं?"

सेवेरिन सांगायला लागला. "खाली निळं तळं आहे. त्याच्या वर बर्फाची रुंद वाट, वळत वळत जाते. तिच्यापलीकडं डोंगर, त्यापलीकडं डोंगर, शेवटचे तर आभाळात विरलेले. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा उतरावंसं वाटेना."

"मग दगड आणि वारा कुणी सांगितलं होतं तिला?"

सेवेरिननं पुन्हा मला डोळा लावला. वरती तो ठिपका वळला आणि उतरायला लागला. फडकं काही हललं नाही.

सात वाजता बुर्गी अंगणात आली. नाक उन्हानं लाल झालं होतं, झगा गुडघ्यापाशी फाटला होता. पाहुणे कधीच गेले होते. ती सज्ज्यावरच्या पाहुण्यांच्या बाकावर बसली. मी त्या बाकावर तिला बसलेली पहिल्यांदाच बघत होते. सेवेरिननं तिच्यापुढं गोळ्यांचा वाडगा ठेवला.

"फुटले," तो म्हणाला.

"उकळी मोठी ठेवलीस."

"हो." तो समोर बसला. "हात का नाही केलास? घंटा वाजवून खांदा गेला माझा."

"ऐकली मी घंटा," बुर्गी म्हणाली. "छत्तीस वर्षं इकडंच तोंड करून उभी आहे, सेवेरिन. आज थोडा वेळ तिकडं केलं."

"मी तुला खोटं सांगत आलो."

"कळलं मला ते वर गेल्यावर. का रे?"

"भीती वाटायची. एकदा ते बघितलंस तर इथं चुलीपुढं तुझं मन लागणार नाही, असं वाटायचं."

बुर्गीनं दोन घास खाल्ले. मग ती म्हणाली, "खोट्याचं नाही मला एवढं वाटत. पण तुझा गुडघा चांगला होता, माझे पाय चांगले होते. एखाद्या सोमवारी चादरी तशाच राहिल्या असत्या तर कुणी मेलं नसतं. वर सगळं होतं रे, तळं, बर्फ, सगळं. मी दोनदा म्हटलं, 'हे बघ, सेवेरिन!' चांगलं मोठ्यानं म्हटलं. शेजारी कुणी नव्हतं."

सेवेरिननं एप्रनमध्ये तोंड खुपसलं आणि लहान पोरासारखा रडला. हात पुढं करून तिनं त्याचा गुडघा थोडा वेळ चोळला.

पुढच्या उन्हाळ्यांत बुर्गी आणखी चार वेळा गेली, सोमवारी. सेवेरिन चादरी धुवायचा आणि मग माझ्यापाशी येऊन बसायचा. तिच्यासाठी आणलेली मी, अखेर त्याच्याच कामी आले. माझ्यातून बघताना तो पुटपुटायचा, "दाखव गं, दाखव." मी कुठवर दाखवणार? पाठमोरी बुर्गी मला दिसायची. ती काय बघतेय, ते मला अजूनही माहीत नाही.

आता ती दोघंही नाहीत. मी लाकडांच्या कोठारात उभी आहे, माझ्या भिंगावर बुरशी धरलीय. मला पुसा, असं मी तुम्हाला सांगणार नाही. पण मित्रांनो, तुमच्या घरात कुणीतरी वर्षानुवर्षं इतरांना वाट सांगत असेल, आणि स्वतः कधी गेलेलं नसेल. त्यांना माझ्यासारखी वस्तू भेट देऊ नका. चुलीवरचं राहू दे तसंच, त्यांना घेऊन निघा. आणि त्यांना एकटं पाठवू नका. 'हे बघ' म्हटल्यावर बघायला शेजारी कुणीतरी लागतं.