शेवटचं सावधान

सृष्टीला झोप यायची ती बापाच्या बोटांनी. यादव पाळण्याच्या कडेवर दोन बोटं अशी चालवायचा, की सुपात तांदूळ घोळवल्यासारखा आवाज यायचा, आणि अकरा महिन्यांची ती पोर हातातला खुळखुळा सोडून जांभई द्यायची. हीच बोटं बँडमध्ये साइड ड्रमच्या काड्या धरायची तेव्हा पंचवटीतल्या बायका भाजीची पिशवी खाली ठेवून बघत राहायच्या. शुभांगीने त्याला पहिल्यांदा पाहिलं तेही असंच, विंचूरला, मावसबहिणीच्या लग्नात. चेहरा नंतर पाहिला. आधी हात पाहिले.

पण गेले पंधरा दिवस सृष्टी दुपारची झोपतच नव्हती. मागच्या अंगणात एकाऐवजी दोन ड्रम वाजत होते, आणि दोन्ही एकमेकांवर चिडून.

दुसरा ड्रम शुभांगीनेच घरात आणला होता. तिचा धाकटा भाऊ अमित विंचूरला एका बँजो पार्टीत वाजवायचा. ती पार्टी मोडली. मग हा गडी दिवसभर मार्केटात कांदा निवडत बसायला लागला. भाऊबीजेला तिला त्याच्या हातांना कांद्याचा वास आला आणि भडभडून आलं. ती उठून सरळ फकिरामास्तरांकडे गेली. फकिरामास्तर म्हणजे बँडचे मालक. स्वतः ट्रम्पेट वाजवायचे, मिशीला मेंदी लावायचे.

"मास्तर, माझ्या भावाला घ्या ना. हात चांगलाय त्याचा."

मास्तरांनी घेतलं, पण तिच्या शब्दाखातर नव्हे. हल्ली गिऱ्हाईक आलं की पहिला प्रश्न 'आवाज केवढा?' असायचा. नदीपलीकडच्या बँडने गाडीवर चार भोंगे बसवले होते. मास्तरांनी पेंटर बोलावला आणि बोर्डावर बँडच्या नावाखाली लाल अक्षरांत लिहून घेतलं, 'डबल ड्रम'.

यादवने तो बोर्ड पाहिला आणि संध्याकाळी जेवताना एवढंच म्हणाला, "मी काय हाफ होतो का इतके दिवस?"

आता त्या दोघांचं वाजवणं म्हणाल तर एक पूर्वेला, एक पश्चिमेला. यादवचा हात बँडचा. क्लॅरिनेटला श्वास घ्यायला जागा ठेवणारा. अमितचा हात बँजो पार्टीचा, म्हणजे मोकळी जागा दिसली की भरून टाकायची.

"दाजी, तुम्ही मधेच थांबता राव."

"थांबत नाही. जागा सोडतो."

"मग त्या जागेत मी काय करायचं?"

"काही नाही करायचं. तेच अवघड असतं, पाव्हणं."

'पाव्हणं' म्हटलं की अमितचे कान लाल व्हायचे. मग तो मुद्दाम दोन काड्या जास्त मारायचा, यादव मुद्दाम लय ओढून धरायचा, सृष्टी पाळण्यात उठून बसायची आणि तोंड भरून रडायची. शुभांगी पिठाच्या हातानेच दारात यायची.

"अहो, पोर झोपू द्या की."

"तुझ्या भावाला सांग."

"ताई, तुझ्या नवऱ्याला सांग."

ती आत वळायची. पोरीला खांद्यावर टाकून भाकरी थापायची, आणि मनात स्वतःलाच चार शब्द ऐकवायची. कोणी सांगितलं होतं तुला? एक होता ते बरं चाललं नव्हतं?

वाजवण्याचं एक वेळ जुळलं असतं. वरातीत, नाचणाऱ्या पोरांच्या धुरळ्यात, कुणाची काडी कुठे पडली हे कोण बघतं? खरी गोम होती मंगलाष्टकांत.

लग्न लागताना बँडवाले मांडवाच्या कडेला श्वास धरून उभे असतात. शेवटचं 'सावधान' कानावर पडलं, की त्याच क्षणी ड्रम कडाडला पाहिजे. वधूवरांच्या गळ्यात माळा पडतात त्या याच आवाजावर. एक श्वास उशीर झाला तरी लग्न ओलं पडल्यासारखं वाटतं. पण शेवटचं सावधान कोणतं? पूर्वी गुरुजी मोजून पाच म्हणायचे, मोकळे. आता नवऱ्या मुलीची आत्या वहीत लिहून आणते, मावशी स्वतः रचून आणते, मुलाचा चुलता हौसेने माइक ओढतो. प्रत्येकाच्या कडव्याला शेवटी 'सावधान' असतंच. पाच होतात की अकरा, खुद्द गुरुजींना माहीत नसतं.

यादव मात्र अठरा वर्षांत एकदाही चुकला नव्हता. ते कसं, हे बँडमध्ये कुणाला माहीत नव्हतं, मास्तरांनाही नाही. माहीत होतं फक्त शुभांगीला. लग्नाच्या पहिल्याच महिन्यात, गंगेवर, नदीच्या घाटावर पाय सोडून बसले असताना, त्याने लहान मुलाने खिशातली गोटी दाखवावी तसं तिला सांगितलं होतं.

"गुरुजींची मूठ बघायची. अंतरपाटाचं टोक ते दोन बोटांत धरून असतात, कुणी का गाईना. पण शेवटचं कडवं आलं की कापड ओढायचंय म्हणून ते टोक मुठीत गोळा करतात. मूठ वळली की समजायचं, आता जे सावधान येईल ते आपलं. कुणाला बोलू नकोस. हे मला कुणी शिकवलं नाही, माझं मीच शोधलंय."

अमितला हे कुठून कळणार? बँजो पार्टीचं काम वरातीचं. लग्न लावणं त्या पार्टीला माहीतच नाही. शिवाय शोभा दिसावी म्हणून मास्तरांनी एक ड्रम मांडवाच्या या बाजूला आणि दुसरा त्या बाजूला उभा केलेला. अमितच्या वाट्याला गुरुजींची पाठ.

मखमलाबादच्या लग्नात मावशीच्या कडव्याला त्याने कडाडून काडी मारली. झालं! सगळा बँड सुटला. लोकांनी होत्या नव्हत्या तेवढ्या अक्षता उधळल्या, मुलीने माळ घातली तीही अंतरपाटावरून हात उंच करून, आणि गुरुजी माइकवर ओरडले, "अहो थांबा, दोन बाकी आहेत!" मुलाच्या आईने डोळ्याला पदर लावला. लोकांनी खालच्या अक्षता गोळा करून पुन्हा टाकल्या.

पुढचं लग्न आडगावला. तिथे मागच्या बोलण्यांनी पोळलेला अमित म्हणाला, दाजी मारतील मग मी मारीन. यादवने मूठ पाहिली होती, सावधानही ऐकलं. पण त्याच्या मनात आलं, बघू या, हा डबल ड्रम काय करतो. आणि काडी उचललीच नाही. अंतरपाट सरला. नवरा-नवरी माळा धरून उभी. सगळा मांडव चिडीचूप. कुणाचं तरी पोरगं म्हणालं, "लाइट गेली का?"

मास्तरांनी दुसऱ्या दिवशी दोघांना अंगणात उभं केलं. शुभांगी चहा घेऊन आली तरी बोलणं थांबलं नाही.

"एकानं आधी मारली, एकानं मारलीच नाही. रविवारी विंचूरला लग्न आहे. दोन्ही काड्या एकदम पडल्या तर डबल ड्रम राहील. नाही तर बोर्ड पुसतो आणि एक ड्रम घरी बसवतो. कोणता, ते त्याच दिवशी सांगीन."

चहा न घेता मास्तर गेले. अमित म्हणाला, "मलाच काढतील." यादव काड्या पुसत राहिला. पण शुभांगीला माहीत होतं, त्यालाही हेच वाटत होतं. पोरं नाचायची ती अमितच्या हातावर. लोकांना आता जागा सोडणारा ड्रम नको होता.

रात्री जेवणं झाल्यावर तिने विषय काढला. "अहो, मुठीचं सांगून टाका ना त्याला."

"का?"

"दोघंही राहाल म्हणून."

"त्याला सांगितलं की मी कशाला हवा मग? तो नाचाचं वाजवतो, सावधानही मारील. मला झांजा वाजवायला ठेवतील."

"असं कसं बोलता हो? माझा भाऊ आहे तो."

"आणि मी?" यादव म्हणाला, आणि पाळण्याच्या कडेवर बोटं चालवायला लागला. बोलणं मिटलं, सृष्टीचे डोळे मिटले. शुभांगीचेच तेवढे उघडे राहिले.

मूठ सांगायची नाही, हा शब्द तिने दिला होता. तो मोडायचा नव्हता. पण भावाला पुन्हा कांद्यात बसवायचं नव्हतं, आणि नवऱ्याचा ड्रम खुंटीला टांगलेलाही बघायचा नव्हता. शेवटी शनिवारी धुणं वाळत घालताना तिने अमितला हळूच सांगितलं.

"उद्या मी येतेय लग्नाला. तुझ्यासमोर बायकांत उभी राहीन. दुसरीकडे कुठंच बघू नको. मी सृष्टीला कडेवरून खांद्यावर घेतलं, की पुढचं जे सावधान येईल त्याला मार."

"तुला काय कळतं गं त्यातलं?"

"तू मार म्हटलं ना!"

विंचूरचा मांडव बारा वाजता गर्दीने भट्टीसारखा तापला होता. माहेरचं गाव, त्यामुळे पावलोपावली कुणीतरी थांबवायचं. "आगं शुभे, कवा आली? पोरगी लय गोड हाय गं, बापावर गेलीया." भागीबाई नावाची एक लांबची चुलती तर तिला सोडेचना. शुभांगी हसत, मान हलवत, धक्के खात पुढे सरकली आणि नेमकी जागा पकडली. समोर डावीकडे गुरुजींचा हात, बरोबर समोर अमित, आणि उजवीकडे मांडवाच्या खांबाला टेकून यादव. तिला बघून त्याच्या कपाळावर आठी पडली. ही इथे कशाला पुढे?

मंगलाष्टकं सुरू झाली. पहिलं गुरुजींचं. दुसरं आत्याचं, वहीतलं. तिसरं मावशीचं, त्यात घरातल्या सगळ्यांची नावं गुंफलेली. गुरुजींची दोन बोटं टोकावर सैल. शुभांगीने डोळा लवू दिला नाही. कडेवर सृष्टी घामाने चिकट झालेली. अक्षतांचे दाणे तिच्या झबल्यात गेले होते, ते टोचत होते. ती वळवळली. चौथं कडवं मुलाच्या चुलत्याचं. भागीबाईने प्रेमाने पोरीच्या गालाला हात लावला आणि पोरीने अंग असं धनुष्यासारखं मागे टाकलं, की पडलीच असती. शुभांगीने तिला दोन्ही हातांनी सावरलं आणि उचलून खांद्यावर घेतलं.

घेतलं, आणि तिला खूण आठवली.

समोर अमितच्या दोन्ही काड्या वर गेल्या होत्या. डोळे तिच्यावर खिळलेले. चुलत्याचं कडवं शेवटच्या ओळीत आलेलं. गुरुजींची बोटं अजून सैलच. ती मान हलवायला लागली, नाही, नाही, पण पोर खांद्यावर उसळत होती आणि मान हलतेय की पोरीमुळे अंग हलतंय, ते लांबून कुणाला कळणार?

"शुभमंगल साव..."

टक.

एवढासाच आवाज. ड्रमच्या लोखंडी कडेवर काडीचं टोक. मांडवात तो कुणाला ऐकू गेला नसेल, पण ड्रम वाजवणाऱ्याला तो ऐकू जातोच. बँडमध्ये त्याचा अर्थ 'थांब' असाच असतो. अमितच्या काड्या हवेत राहिल्या. आणि ताईला सोडून त्याने पहिल्यांदा यादवकडे पाहिलं.

यादवने त्याच्याकडे पाहिलं. मग शुभांगीकडे, तिच्या खांद्यावरच्या पोरीकडे. त्याला सगळं समजलं असावं, कारण त्याचा जबडा आवळला गेला. क्षणभर वाटलं, आडगावचंच पुन्हा होणार. मग त्याने दोन्ही काड्या उजव्या हातात घेतल्या, डावा हात छातीशी धरून मूठ वळली, आणि हनुवटीने गुरुजींकडे दाखवलं.

अमित दोन पावलं बाजूला सरकला, मान वाकडी केली, आणि त्याला तो हात दिसला.

आणखी एक कडवं झालं. मग गुरुजींनी घसा खाकरला आणि अंतरपाटाचं टोक हळूच, सवयीने, मुठीत गोळा केलं. शुभांगीने डोळे मिटून घेतले. तिला बघायचंच नव्हतं.

सावधानातला 'न' उच्चारला गेला आणि दोन ड्रम एकदम कोसळले. एकच आवाज, पण केवढा! सृष्टी दचकून गप्पच झाली. माळा पडल्या, अक्षता उडाल्या, आणि ट्रम्पेट तोंडाला लावतालावता फकिरामास्तरांची मेंदीची मिशी पसरत गेली.

संध्याकाळी बँडच्या टेम्पोत सगळे दाटीवाटीने बसले होते. मास्तर पुढे ड्रायव्हरशी बोलत होते, बोर्डाला आणखी एक रंगाचा हात मारायचा म्हणून.  शुभांगीचा खांदा भरून आला होता. सकाळपासून पोर तिच्याच अंगावर, दोघांपैकी एकाच्याही मनात आलं नाही घ्यावं म्हणून.

निफाड मागे गेल्यावर यादव बोलला. "मूठ सांगितलीस त्याला?"

"नाही. मी पोरीला उचलते, एवढंच सांगितलं होतं."

"म्हणजे मीच सांगितली."

"तुम्हीच."

"अठरा वर्षं," तो म्हणाला. "आणि पोरीनं अर्ध्या मिनिटात काढून घेतलं." त्याच्या आवाजात राग होता, आणि तो राग खोटा नव्हता. तिला त्याच्या गुडघ्यावर हात ठेवावासा वाटला. पण हात मोकळाच नव्हता.

"दाजी," अमित मागून म्हणाला, "मूठ डाव्या हाताची का उजव्या?"

"गप बस."

मग ड्रमचा पट्टा सारखा करत यादवनेच पुन्हा तोंड उघडलं.

"ज्या हातात टोक असेल त्या. आणि पुढच्या लग्नाला माझ्या बाजूला उभा राहा. तिकडून काय दिसतंय तुला, गुरुजींची पाठ?"

"मास्तर म्हणतात, शोभा..."

"मास्तरांशी मी बोलतो."

अमितने खुशीत मांडीवरच्या ड्रमवर हलकेच काडी चालवली. यादवने आपल्या ड्रमवर उत्तर दिलं. चार आवर्तनं बरी गेली. पाचव्याला यादव म्हणाला, "जागा सोड." अमित म्हणाला, "सोडलीच की." "कुठं सोडली? भरून टाकली." "तुम्ही लय ओढता दाजी, मग मी काय करू?" "मी ओढतो?" आवाज वाढले, काड्या वाढल्या. आणि आत्ता कुठे डोळा लागलेली सृष्टी खांद्यावर हुंकारली.

"बंद करा!" शुभांगी ओरडली. मास्तरांनीही पुढून मागे वळून पाहिलं. "दोघंही! एकदम!"

दोन्ही ड्रम थांबले. अगदी एकदम.