एकतीसनंतर एक

मित्रांनो, मी गेल्या वर्षीचं जुनं कॅलेंडर आहे, आणि आधीच सांगून ठेवतो, मी चिडलेलो आहे. जुनं माणूस चिडलं की तुम्ही त्याला पाणी देता, दोन शब्द ऐकून घेता. जुन्या कॅलेंडरला कोण विचारतो? फार तर त्याच्या पानात भजी बांधतात. म्हणून आज तुम्ही सापडला आहात तर मनातलं सगळं बोलून टाकतो.

माझा जन्म राजनांदगावच्या एका छापखान्यात झाला. वर पुठ्ठ्यावर बुद्धाचं शांत चित्र, खाली बारा महिन्यांची बारा पानं, एकाच बाजूला छापलेली. बोटभर उंचीचे ठळक आकडे. सगळ्यात खाली भिलाईतल्या सुपेला बाजारातल्या एका भांडी दुकानाचं नाव. बेबीताई कुकरची शिट्टी घ्यायला त्या दुकानात गेल्या आणि शिट्टीपेक्षा माझ्यासाठीच जास्त भांडल्या. "बारा वर्षं झाले तुह्या दुकानात येऊन राहिली मी, न् एक कॅलेंडर द्यायले तुहा हात धजत नाही?" दुकानदाराने मुकाट्याने मला गुंडाळून दिलं. अशा थाटात मी भिलाईच्या सेक्टरमधल्या एका क्वार्टरमध्ये आलो आणि स्वयंपाकघराच्या दाराशेजारच्या खिळ्यावर चढलो.

घरात माणसं चार. बेबीताई, त्यांचा मुलगा रोशन, सून पायल आणि पाच वर्षांची नात गुंजन. रोशन पोलाद कारखान्यात, म्हणजे प्लांटमध्ये, क्रेन चालवतो. त्याची शिफ्ट बदलती, म्हणून महिना लागला की तो माझ्या प्रत्येक तारखेच्या चौकोनी घराच्या कोपऱ्यात इंग्रजी अक्षर लिहायचा. ए म्हणजे पहाटेची ड्यूटी, बी म्हणजे दुपारची, सी म्हणजे रात्रीची. सुट्टीच्या तारखेला लाल गोल. ही अक्षरं गुंजनला कोणी शिकवली नाहीत. सकाळी उठली की डोळे चोळत ती आधी माझ्यासमोर येई. कालच्या घरात सी दिसला की ओठांवर बोट ठेवून चवड्यांवर चालू लागे, कारण पप्पा रात्रपाळी करून आलेले, आता झोपतील. मला सांगा मित्रांनो, याला वाचणं नाही तर काय म्हणायचं?

बेबीताईंची शाळा तुमसरजवळच्या एका गावात दुसरीतच सुटली होती. पण नातीला शिकवायची हौस दांडगी. चहा झाला की त्या गुंजनला स्टुलावर उभी करत.

"आज कितीवी तारीख हाय वं माये?"

"बारा."

"न् पप्पाची सुट्टी?"

"पंधराले."

"मंग किती दिवस राह्यले?"

गुंजनचं बोट माझ्या घरांवरून टुणटुण उड्या मारत जाई. "तीन!"

ती वजाबाकी होती, पण वजाबाकी हा शब्द त्या स्टुलावर कोणी काढला नाही. तीनच्या खाली दहा, दहाच्या खाली सतरा, ही सात-सातची उडीही तिनेच शोधली. मी भिंतीवर छाती फुगवून असायचो. रोशन पाहुण्यांना सांगायचा, "आमच्या पोरीले तारीख विचारा, घड्याळापेक्षा पक्की हाय." ते दिवस माझे होते, मित्रांनो. ते आठवले की आणखीच चिडचिड होते.

कारण दिवाळीच्या आधी शाळेतून वही आली. एक ते शंभर लिहून आणा.

गुंजनने जीभ बाहेर काढून, पेन्सिल गच्च धरून लिहायला घेतलं. एकोणतीस, तीस, एकतीस. आणि त्यापुढे तिने लिहिलं, १.

पायलने खोडलं. "एकतीसच्या पुढे काय?"

"एक."

"एक कावून? डोकं कुठं हाय तुहं?"

आता पायलचं हे 'कावून', म्हणजे 'का', ऐका. ते विचारणं नव्हतं, ते नुसतं खेकसणं होतं. विचारलं असतं तर पोरीने सांगितलं असतं. पोरीने पुन्हा लिहिलं, पुन्हा एकतीसनंतर एक. पायलने पुन्हा खोडलं, इतकं जोरात की कागद फाटला. आणि मी? मी तिच्या पाठीमागे हातभर अंतरावर! अगं बाई, मान वळव की जरा! माझ्याकडे बघ, ऑक्टोबरचं पान उघडं आहे, एकतीसपर्यंत आकडे आहेत आणि पान उलटलं की एक आहे! दहा महिने पोरगी माझ्यावरच आकडे शिकली. माझ्यात बत्तीस नाहीच, तर ती आणणार कुठून? जीव तोडून ओरडावंसं वाटलं. पण कॅलेंडरला तोंड कुठे असतं? फार तर वाऱ्याने फडफडता येतं. मी फडफडलो. पायलने पंखा कमी केला.

नोव्हेंबर लागला आणि आणखी बट्ट्याबोळ झाला. पान बदललं आणि गुंजनची वहीही बदलली. आता ती तीसनंतर एक लिहू लागली.

पायलने कपाळाला हात लावला. "आई, पाहा ना! कालपर्यंत एकतीस तरी येऊन राहिलं होतं. आता थेही विसरली. बाजूचा अंकुर पूरा हंड्रेड लिहिते, न् ही मागे मागे जाऊन राहिली."

मागे नव्हती जात हो! नोव्हेंबर तीसचाच असतो! हे पाच वर्षांच्या पोरीला ठाऊक होतं आणि बी.ए. झालेल्या आईला त्या घटकेला सुचत नव्हतं.

तरी पायलवर मी सगळं ढकलणार नाही. एकदा ती बेबीताईंना म्हणाली होती, "शाळेत मले सगळे ढ म्हणत, आई. फळ्यासमोर उभं केलं की हातपाय गार पडत. माह्या पोरीवर तशी पाळी नाही येऊ देणार मी." म्हणजे भीती तिच्या पोटात जुनीच होती, ती आता पोरीच्या वहीवर निघत होती. त्यात मॅडमनी डायरीत लिहून पाठवलं की सोमवारी, एक डिसेंबरला, परीक्षा घेऊ. शंभरपर्यंत आलं नाही तर गुंजनला पुढच्या वर्षी याच वर्गात बसवावं लागेल.

झालं. पायलने मोबाइलवर गाणारा हत्ती आणला, तो नाचत नाचत आकडे म्हणायचा आणि गुंजन हत्तीचे कान बघत बसायची. मग सुपेल्याहून प्लॅस्टिकचा चकचकीत तक्ता आला, एक ते शंभर, प्रत्येक आकड्याशेजारी ससा नाहीतर पोपट. तो माझ्या खिळ्यावर चढला आणि मी कपाटावर, रद्दीच्या गठ्ठ्यात. सकाळचं स्टूल बंद झालं. आता स्टुलावर उभं राहून गुंजनला तक्ता पाठ करावा लागे, आणि चुकली की मनगटावर पट्टी बसे. पट्टीचा आवाज मला रद्दीतही ऐकू यायचा. तळपायाची आग मस्तकात जायची, पण करणार काय?

शेवटी माझी आठवण झाली ती भलत्याच कारणाने. रोशनने त्याचा सोबती नरेशबरोबर एका दिवसाची ड्यूटी बदलून घेतली होती आणि ते माझ्या सत्तावीस तारखेच्या घरात लिहून ठेवलं होतं. मी रद्दीत. रोशन विसरला. बदली माणूस आल्याशिवाय क्रेनवरून उतरता येत नाही, त्यामुळे बिचारा नरेश रात्रपाळी करून सकाळीही वरच अडकला. फोन आला, "अरे, कहाँ है तू? मी अजून वरच बसून राहिलो!" रोशन चप्पल उलटसुलट घालून पळाला.

संध्याकाळी तो आला तो थेट माझ्या नावाने ओरडतच. "इथला कॅलेंडर कुठं गेला वं पायल?" मला धूळ झटकून खाली काढलं. रोशन जमिनीवर मला पसरून बसला. "आज सत्तावीस. नरेश म्हणते आजच्या बदल्यात पाच दिवसांनी त्याची दुपारची ड्यूटी मी करायची. म्हणजे..." तो बोटांवर मोजू लागला.

गुंजन कोपऱ्यात वही घेऊन रडवेली बसली होती. तिने मानही वर केली नाही. "अठ्ठावीस, एकोणतीस, तीस, एक, दोन. दोन तारीख, पप्पा."

मेथी निवडणाऱ्या बेबीताईंचा हात थांबला. "काय म्हणली तू? तीसच्या पुढे एक कावून वं माये?"

मित्रांनो, दोन महिन्यांत पहिल्यांदा कोणीतरी तो प्रश्न खरोखर विचारला!

"पान पलटते ना, आजी," गुंजन म्हणाली.

"न् मागच्या महिन्यात एकतीस कावून लिहून राहिली होती?"

"तवा एकतीस होते ना."

बेबीताईंनी मेथी बाजूला सारली. "पायल, इकडे ये. पोरगी बराबर हाय. म्याच तिले या कॅलेंडरवर शिकवलं, न् मलेच समजलं नाही. आपण सगळे मिळून त्या लेकराले ढ करून राहिलो होतो."

पायलने गॅस बंद केला. ती माझ्याकडे बघत राहिली, मग गुंजनच्या मनगटाकडे, आणि ढसाढसा रडली. "मी हिले मारून राहिली, आई. बरोबर लिहिते म्हणून मारून राहिली." तिला तेव्हा किती वाईट वाटलं हे मी जवळून पाहिलं, म्हणून माझा तिच्यावरचा राग तिथेच अर्धा झाला. उरलेला अर्धा अजून आहे.

मग ती उठली आणि कात्री घेऊन आली. माझी पाचावर धारण बसली. पण तिने माझे सरलेले महिने कापले. जानेवारीच्या आकड्यांच्या पट्ट्या दाराजवळून भिंतीवर एका ओळीत चिकटवल्या. एकतीसला लागून फेब्रुवारीचा एक लावला आणि त्यावर लाल पेनने लिहिलं, ३२.

"पाह्य, महिना संपते," ती गुंजनला म्हणाली, "पण मोजणं नाही संपत. थे पुढेच जाते."

"पान पलटलं तरी?"

"पलटलं तरी."

गुंजनचा चेहरा असा खुलला की काय सांगू! उरलेले आकडे तिने स्वतः लिहिले. फेब्रुवारी एकोणसाठवर संपला, मार्च नव्वदवर. मग एप्रिल. चार दिवस ती त्या भिंतीवरून बोट फिरवत दारापासून खिडकीपर्यंत ये-जा करत होती. दोन महिन्यांत पट्टीने, हत्तीने आणि सशाने जे झालं नाही, ते माझ्या कापलेल्या तुकड्यांनी चार दिवसांत केलं. हे मी फुशारकी म्हणून नाही, वैतागून सांगतो आहे. कारण हे पहिल्याच संध्याकाळी झालं असतं.

म्हणून मित्रांनो, तुमच्या घरात धाकटी भावंडं असतील तर माझं एवढं ऐका. त्यांचं चुकलं की खोडरबर उचलायच्या आधी विचारा, आणि विचारल्यावर उत्तराला थांबा. लेकरं वाऱ्यावर चुकत नाहीत. कुठेतरी शिकलेली असतात, आणि शिकवणारे बहुधा आपणच असतो. उद्या तुम्ही मोठे व्हाल, तेव्हाही हे लक्षात ठेवा. मोठेच जास्त विसरतात.

सोमवारी गुंजन शाळेतून आली. पायलने वही उघडली. एकही आकडा चुकला नव्हता. परीक्षा पास! पण खाली मॅडमनी लाल शाईत लिहिलं होतं की शंभरपर्यंतच लिहायला सांगितलं होतं, सूचना नीट ऐकत जा. गुंजनने एकशे चारपर्यंत लिहिलं होतं.

सवयीने पायलचा हात खोडरबरकडे गेला. मी भिंतीवरून बघत होतो. तिने खोडरबर उचललं, आणि खिडकीत ठेवून दिलं. मग गुंजनसमोर खाली बसून तिने हळूच विचारलं, "एकशे चारच कावून वं?"

गुंजनने आईला हाताला धरून माझ्यापाशी आणलं. माझ्या एप्रिलच्या पट्टीवर चौदा तारखेला लाल पेनने १०४ लिहिलं होतं. त्यावर बोट ठेवून ती म्हणाली, "शंभरवर थांबली असती तर बाबासाहेबांची जयंती राहून गेली असती ना, मम्मी."