आधी चाक

उस्तादांना लोक उस्ताद म्हणत ते सायकल दुरुस्तीमुळे; सायकल चालवण्याच्या बाबतीत त्यांच्या बायकोचं मत वेगळं होतं. त्या दुपारी मात्र चूक त्यांची नव्हती. कडेला उभ्या मोटारीचा दरवाजा अचानक उघडला आणि उस्ताद उजव्या हातावर आपटले.

मोटारवाल्याची पाचावर धारण बसली. "काका, लागलं का? दवाखान्यात नेऊ?"

उस्ताद ऐकतात कुठे! त्यांचं सगळं लक्ष पुढच्या चाकाकडे. चाक चांगलंच आऊट झालं होतं. भर रस्त्यात वाकडी सायकल आणि शेजारी खुद्द उस्ताद, हे एखाद्या गिऱ्हाइकानं पाहिलं तर दुकानाला कुलूपच लावायचं.

"हात लावू नका! फोटो तरी काढू द्या," फुटपाथवरची एक बाई पर्समध्ये फोन शोधत ओरडली. "आणि गाडीचा नंबर घ्या!"

तिला फोन सापडेपर्यंत उस्तादांनी खिशातल्या पान्यानं चाक काढलं, रिम दोन्ही हातांनी धरून गुडघ्याखाली दाबली, परत बसवलं आणि फिरवून दाखवलं. मनगटातून कळ थेट मस्तकात गेली, पण चाक सरळ फिरलं.

"बघा, काही झालं नाही," ते म्हणाले. मोटारवाल्याचा जीव भांड्यात पडला आणि तो जो गेला तो गेलाच.

संध्याकाळी मनगट टम्म फुगलं. हातातला पाना गळून पडला, तेव्हा बायकोनं त्यांना जवळजवळ ओढतच दवाखान्यात नेलं. वाटभर तिच्या तोंडाचा पट्टा चालू होता, सगळा त्या मोटारवाल्यावर. "मेल्यानं हात मोडला आणि पळाला!"

डॉक्टरबाईंनी एक्स-रे उजेडात धरला. "पडल्यावर या हातानं जोराचं काही केलंत का?"

खोटं बोलायचा मोह झाला, पण हात वाचवायचा होता. "चाक सरळ केलं," उस्ताद पुटपुटले.

"हाड आधी नुसतं तडकलं असावं. जोर दिल्यामुळे जागचं सरकलंय. ऑपरेशन करावं लागेल. मूठ पहिल्यासारखी आवळेल की नाही, आज नाही सांगता येणार."

उस्तादांनी बोटं मिटून पाहिली. पाना धरता आला नाही तर आपण करायचं काय? आता बायको सोलून काढणार, म्हणून त्यांनी मान खाली घातली. तिनं मात्र त्यांचा सुजलेला हात अलगद आपल्या मांडीवर घेतला.

"अहो, चाक नवं मिळालं असतं," ती म्हणाली.