लंगड्यांची रांग

"कुठला पाय?" आईनं विचारलं.

"डावा. यावरीचा उजवा अधू आहे. शेजारी शेजारी चाललो की एकमेकांकडं कलू."

"कलशील गं! चांगली धडधाकट पोर माझी, आणि जीव जडवलास कुणावर!"

तरी कार्वाच्या टाचेखाली निवडुंगाचा काटा आईनंच बांधला.

इंकाच्या राज्यात कुणी बिनलग्नाचं राहायचं नाही. राजधानी कुस्कोहून पाहणीदार यायचा, गावाला चौकात उभं करायचा आणि जोड्या लावायचा. धडधाकटाला धडधाकट. आंधळ्याला आंधळी. लंगड्याला लंगडी.

"चालून दाखव."

कार्वा चालली. काटा रुतला.

"हिला काय झालंय?"

कुराकाला, म्हणजे गावच्या प्रमुखाला, सगळं ठाऊक होतं. पण एक धडधाकट बाई कमी, म्हणजे गावानं विणून द्यायच्या कापडात एक ठाण कमी.

"लहानपणी कळपातल्या लामानं लाथ मारली, सरकार."

"लामानं, की एखाद्या पोरानं?"

चौक हसला. कार्वा लंगड्यांच्या रांगेत जाऊन उभी राहिली. तिथं यावरी होता. त्यानं मान वर केली नाही.

लग्नानंतर सुरुवातीला ती घरात नीट चालायची. यावरी तोंडातला बटाटा चावायचा थांबून बघत राहायचा. एके सकाळी म्हणाला, "नको चालूस तशी."

"का रे?"

"बघवत नाही. माझ्यापायी रोज बाहेर लंगडतेस."

मग ती घरातही लंगडू लागली. काटा बांधायला लागेनासा झाला.

पाहण्या आल्या. गेल्या. बारा.

बाराव्या पाहणीनंतरच्या थंडीत यावरी खोकून खोकून गेला.

नवा पाहणीदार तरुण होता. "विधवा, लंगडी," तो म्हणाला. "नदीपलीकडं मास्का नावाचा लंगडा विधुर आहे. त्याच्याकडं जा."

धडधाकट विधवेला स्वतःचं शेत कसून एकटीनं राहायची मुभा होती. अधू बाईला नव्हती.

"सरकार, मी लंगडी नाही."

कुराका म्हातारा झाला होता. हसला. "काय बोलतेस बाई? अख्ख्या गावानं बघितलंय."

"लामानं लाथ मारली नव्हती. तुम्हालाही ठाऊक आहे."

कुराकानं गालातली कोकाची पानं या बाजूची त्या बाजूला केली.

"बरं," पाहणीदार म्हणाला, "चालून दाखव."

कार्वानं चपला काढल्या. आई गेल्यानंतर तिच्या पायाकडं इतकं निरखून कुणी पाहिलं नव्हतं. उजवा पाय टाकला. नीट पडला. डावी टाच तिनं खाली दाबली, सगळ्या अंगाचा जोर लावून दाबली. टाच टेकली नाही.

"नाटक बरं करता येतं," मागून कुणीतरी म्हणालं.

ती थांबली नाही. चौकाच्या पार टोकापर्यंत गेली. दर दुसऱ्या पावलाला तिचा खांदा डावीकडं कलत होता, कुणाला तरी लागावा तसा.

"पुढची," पाहणीदार म्हणाला.