हातमोज्याचं म्हणणं

यांची वाचा गेली तेव्हा मुलाने हातमोजा आणून दिला. काळा, पातळ, बोटांच्या टोकांशी मसुराएवढे उंचवटे. उजव्या हातात चढवायचा, टेबलावर बोटं टेकवायची, की फोनमध्ये अक्षरं उमटतात आणि फोन ती मोठ्याने वाचतो. यांनी जन्मभर आपल्या दुकानात कोट शिवले. मोजा घातल्यावर आधी त्याची शिवण चाचपली आणि तोंड वाकडं केलं. मला बरं वाटलं. माणूस अजून ठिकाणावर होता.

मान हलवण्यावर मात्र भरवसा उरला नव्हता. चहा हवा का विचारलं तरी हो, नको का विचारलं तरी हो. त्यामुळे सगळी मदार मोज्यावर. फोनचा आवाज बातम्या देणाऱ्यासारखा. त्या आवाजात हे पाणी मागायचे, पंखा बंद करायला सांगायचे. आणि एका संध्याकाळी फोन म्हणाला, "दुकान विकून टाकू. माझी हरकत नाही."

"काय म्हणालात?" मी विचारलं. यांनी मान हलवली.

"आता तरी ऐक," मुलगा म्हणाला. "बाबा स्वतः म्हणतायत."

तेच तर खटकलं. 'माझी हरकत नाही' हे शब्द या माणसाच्या तोंडून मी कधी ऐकले नव्हते. गिऱ्हाइकाने बाही अर्धा बोट आखूड करा म्हटलं तरी यांचं उत्तर एकच, "बघू." लग्नाला होकारसुद्धा तसाच दिला होता.

मग एकेक गोष्ट डोळ्यांत सलायला लागली. मोजा चार्जिंगला मुलाच्या खोलीत. दुकानासाठी दलाल यायचा तो नेमका सकाळी. सकाळी उठल्यापासून दुपारच्या प्रार्थनेपर्यंत माझं मौन असतं, हे घरातल्या मांजरालाही ठाऊक आहे. पोटच्या पोरावर संशय घेणं म्हणजे स्वतःच रांधलेल्या भातात खडा शोधणं. नको म्हटलं तरी दाताखाली येतोच.

एकदा संध्याकाळी मोजा घामाने ओला झाला म्हणून मी तो उलटा करायला हातात घातला. बोटं कपड्यांच्या टोपलीच्या काठाला लागली असतील नसतील, आतल्या खोलीतून फोनचा तो बातम्या देणारा आवाज आला, "दुकान विकून टाकू."

मी तशीच स्वयंपाकघरात गेले. सूनबाई भांडी विसळत होती.

"अहो आई, तो शब्द सुचवतो," ती हळूच म्हणाली. "एखादं अक्षर लागलं की पुढचं वाक्य आपणच पुरं करतो. आधी जे जास्त वेळा लिहिलं गेलं असेल ते. पाणी, पंखा एवढं मी शिकवलंय."

"आणि बाकीचं?"

तिने नळ मोठा केला. "आणला तेव्हा काही दिवस आमचे हेच घालून बघत होते. दलालाला निरोप त्याच्यावरूनच जायचे."

दुसऱ्या दिवशी सकाळी दलाल कागद घेऊन हजर. मुलाने यांना खुर्चीत नीट बसवलं. "बाबा, सांगा यांना."

यांची बोटं टेबलावर टेकली. फोनने ठरलेलं वाक्य म्हटलं.

"वा. साहेब एक घाव दोन तुकडे करतात," दलाल म्हणाला आणि पेनाचं टोपण काढलं.

माझं मौन होतं. मी उठले, यांच्या हातातला मोजा सोडवला आणि माझ्या हातात चढवला.

"आई, तुला नाही जमायचं ते," मुलगा म्हणाला.

मला टायपिंगचं एक अक्षर येत नाही. दार ठोठावावं तशी मी टेबलावर बोटं आपटली.

"दुकान विकून टाकू. माझी हरकत नाही."

"म्हणजे काकूही तयार," दलाल हसला. मग हसता हसता थांबला, माझ्या हाताकडे पाहिलं, मुलाकडे पाहिलं. कागद पिशवीत घातले. "मी फोन करतो नंतर," म्हणाला आणि चपला नीट न घालताच बाहेर पडला.

"मी काही मुद्दाम नाही केलं," मुलगा म्हणाला. "एकेक अक्षर टेकवायचं म्हणजे बाबांचे हाल. सोपं जावं म्हणून ठेवलं होतं."

मी फोन सूनबाईपुढे धरला. तिने हात पुसले, नवऱ्याकडे न बघता सुचवणं बंद केलं. मोजा पुन्हा यांच्या हातात घातला.

मग हे, सूनबाई आणि मी, तिघं बसून राहिलो; मुलगा आत-बाहेर करत होता. एक अक्षर बरोबर, दोन चुकीची, पुन्हा खोडायचं. जेवण निवलं. माझी प्रार्थना तिथेच, मनातल्या मनात झाली. मौन सुटलं तरी मी बोलले नाही. ऊन खिडकीतून सरकून गेलं तेव्हा फोन म्हणाला, "काळ्या कोटाचं अस्तर राहिलं."

तो कोट दुकानात खुंटीवर आहे. त्याला टाचण्या लावतानाच हे खाली कोसळले होते.

"बाबा, ते असू दे," मुलाचा आवाज खाली आला होता. "दुकानाचं काय करायचं? विकायचं की नाही?"

यांनी त्याच्याकडे पाहिलं. मग बोटं उचलली. या वेळी फार चुकली नाहीत.

"बघू."

सूनबाई पदराआड हसली. मुलगा हसला नाही.

त्याने मुद्दाम केलं असं मी अजूनही म्हणत नाही. पण मोजा आता माझ्या उशाशी चार्जिंगला असतो. परवा त्याने विचारलं, "माझ्याच खोलीत राहू दे ना, तुला कशाला त्रास?"

"सोपं जावं म्हणून," मी म्हटलं.