पिकदाणीला न मिळालेला घोट

मित्रांनो, मी एक जुनी पिकदाणी आहे. नाक मुरडलंत ना? खुशाल मुरडा, मला सवय आहे.

एका तांबटाने मला ठोकून ठोकून घडवलं आणि नदीकाठच्या या वाइनच्या कोठारात आणून सोडलं. पलीकडच्या तीरावर पोर्तो शहर, अलीकडे आम्ही. इथल्या चव-खोलीत वाइन चाखतात, गिळत नाहीत. सकाळभर पेल्यामागून पेला चाखायचा आणि तरी शुद्धीवर राहायचं, तर घोट टाकायला माझ्यासारखी कोणीतरी लागतेच.

आमचे मुख्य चाखणारे होते बेल्मिरू. लाकडी पिंपांत वर्षानुवर्षं मुरून पिंगट झालेली जी गोड टॉनी, तिची चव दर साली तीच राहायला हवी. त्यासाठी जुन्या-नव्या पिंपांतली वाइन एकत्र करायचं काम त्यांचं. पेला नाकाशी धरून ते इतका वेळ बसत, की मालकीणबाईंना जांभई येई. मग घोट तोंडात घोळवत आणि माझ्यात अशी बारीक, सरळ धार सोडत, की काठाला थेंब लागत नसे. पाहुणे टाळ्या वाजवत. त्यातल्या निम्म्या माझ्या, असं मी धरून चालत असे.

दोन हिवाळ्यांपूर्वी त्यांना ताप आला. तो उतरला, पण नाक कायमचं बधिर करून गेला. त्यांनी कोणाला सांगितलं नाही. मला मात्र कळलं. पेला नाकाशी धरल्यासारखा करायचे आणि घोट लगेच माझ्या पदरात टाकायचे. चाखणाऱ्याचं नाक गेलं की खुर्ची गेली, आणि त्या खुर्चीपलीकडे त्यांना दुसरं काही नव्हतं.

यंदाच्या मिश्रणाचा दिवस आला. टेबलावर दोन वेगवेगळ्या मिश्रणांचे दोन पेले होते. बेल्मिरू बोट ठेवतील ते पिंपांत भरायचं, आणि एकदा भरलं की भरलं. समोर मालकीणबाई लिओनिल्द बसल्या होत्या. शेजारी बेल्मिरूंची भाची ओतिलिया, त्यांच्याच हाताखाली तयार झालेली. बेल्मिरूंनी दोन्ही पेले चाखले आणि पहिल्यावर बोट ठेवलं. दोन्ही आधीच हुंगलेल्या ओतिलियाचा चेहरा उतरला. पहिल्यात कोवळी वाइन जास्त पडली होती. ना अक्रोडाचा वास, ना सुक्या अंजिराचा.

ती उठून बाहेर गेली आणि घरून आणलेला बदामाचा गोड टार्ट घेऊन आली. आमच्या चव-खोलीत खाणं आणणं म्हणजे देवळात चपला घालून शिरणं.

"हे काय, बारसं आहे का कोणाचं?" बेल्मिरूंनी विचारलं.

"गिऱ्हाईक काही उपाशीपोटी पीत नाही, मामा. एक घास खा आणि पुन्हा चाखा."

त्यांनी घास खाल्ला. टार्टपुढे पहिला पेला आंबट आणि पाणचट लागला, वर घशाला चटका देऊन गेला. दुसरा मात्र टार्टला पुरून उरला. वाइन गोडाहून गोड हवी, नाहीतर गोड तिला खाऊन टाकतं, हे त्यांनीच तिला शिकवलं होतं. एवढं कळायला जीभ पुरते.

ते भाचीकडे वाकले. "कधीपासून माहीत आहे तुला?"

"नाताळात माझी खीर करपली होती. सगळ्यांनी वाट्या बाजूला सारल्या. तुम्ही दोनदा घेतलीत."

दुसरा पेला निवडून ते गप्प बसू शकले असते. पोरीने तेवढी सोय करून ठेवली होती. पण ते मालकीणबाईंकडे वळले.

"बाई, दुसरा भरा. आणि माझी खुर्ची हिला द्या. मला दोन वर्षं कशाचाच वास येत नाही."

मालकीणबाई बराच वेळ टार्ट चिवडत राहिल्या, मग हो म्हणाल्या. बेल्मिरूंनी दुसरा पेला उचलला, घोट घेतला. मी तोंड वासून तयार होते. त्यांनी तो गिळला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

आता खुर्चीत ओतिलिया बसते. तिची धार वाकडी, निम्मी माझ्या काठावर, आणि पुसायची आठवण कोणाला राहत नाही. कोठार पाहायला येणारे प्रवासी माझ्यात तिकिटं टाकतात. शुक्रवारी बेल्मिरू येतात. ती वास घेऊन त्यांना सांगते: अक्रोड आहे, संत्र्याची साल आहे, जुनं कपाट उघडल्यासारखं आहे. ते मान डोलावतात, मेंढीच्या दुधाच्या चीजचा तुकडा तोंडात टाकतात आणि घोट गिळतात. माझ्या वाट्याला थेंब येत नाही. वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू?

तर मित्रांनो, पेल्याचं तुम्ही मोठे झालात की बघा. मला अधूनमधून लिंबू-मिठाने घासा, एवढंच. आणि आपल्या माणसाचं काही हरवलंय असं कळलं, तर चारचौघांत विचारू नका. आधी त्याच्यापुढे काहीतरी खायला ठेवा. पुढचं तो स्वतः बोलेल.